फुकट बसू देणारी मुंबई

‘या रविवारी सगळे मिळून मुंबईला जाऊ या’ असा मेसेज फॅमिली ग्रुपवर पडला की दहा मिनिटांत सगळ्यांचे अंगठे येतात आणि अकराव्या मिनिटाला बाबा विचारतात, ‘खर्च किती येईल?’ ठाणे, डोंबिवली, वसई, पनवेलकडे राहणाऱ्यांसाठी ‘मुंबईला जाणं’ म्हणजे फोर्ट-चर्चगेटला जाणं. त्या भागात वर्षानुवर्षं नोकरी केलेली माणसंसुद्धा घरच्यांना घेऊन तिकडे क्वचितच फिरकलेली असतात. आता घरात कमावणारं एक नवं माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही. स्टायपेंड असो की पहिला पगार, घरच्यांना एक दिवस मस्त फिरवून आणायचंय आणि उरलेल्या पैशांत महिनाही काढायचाय.

असा दिवस तिकिटांमुळे सहसा बिघडत नाही. तो बिघडतो दुपारी अडीच वाजता. पाय बोलायला लागलेले असतात, धाकट्याला तहान लागलेली असते, आजीला बाथरूमला जायचं असतं. मग समोर जे एसी हॉटेल दिसेल त्यात आपण शिरतो. मेन्यूकार्ड उघडलं जातं. आई पदार्थांची नावं वाचतच नाही, उजवीकडचे आकडे वाचते आणि म्हणते, ‘तुम्ही घ्या रे, मला काही नको. सकाळचं अजून पोटात आहे.’ बाबाही मग नुसता चहा सांगतात. बिल दीड हजाराच्या घरात जातं आणि ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला तीच दोन माणसं अर्धपोटी उठतात.

नीट बघितलं तर त्या हॉटेलात आपण जेवायला गेलेलोच नसतो, बसायला गेलेलो असतो. खरेदीच्या आणि करमणुकीच्या कुठल्याही भागात सगळ्यात महाग मिळते ती खुर्ची. मॉलमध्ये मजले कितीही चढा-उतरा, कुणी पैसे मागत नाही. पण टेकायचं म्हटलं की फूडकोर्ट. मल्टिप्लेक्सचं तिकीट म्हणजेही तीन तासांची गार खुर्चीच की. (तिथे पाण्याची बाटली विकत घेण्याआधी एक लक्षात ठेवा. बाहेरचं खाणं आत आणू न देण्याचा हक्क सिनेमागृहाला आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायलाच हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. बिनधास्त मागा.) म्हणून स्वस्तातला दिवस आखताना ‘काय काय बघायचं’ ही यादी नंतर करा. आधी कुठे कुठे फुकट बसता येईल ते ठरवा. दक्षिण मुंबई या बाबतीत बाकीच्या शहरापेक्षा बरीच दिलदार आहे.

आधी वार ठरवू. बाबांना सुट्टी रविवारीच असते हे मान्य, पण जमत असेल तर शनिवार गाठा, असं माझं मत. मंगळदास मार्केट रविवारी बंद असतं, क्रॉफर्डमधलीही बरीच दुकानं उघडत नाहीत. ऑफिसं बंद म्हणून फोर्टातल्या खाऊच्या गाड्याही कमी. वर मेगाब्लॉक आहेच. तो कुठे आणि किती वाजेपर्यंत आहे ते आदल्या दिवशी बघितलं नाही, तर दिवसाची सुरुवातच कुर्ल्याच्या प्लॅटफॉर्मवर होते. रविवारची जमेची बाजू एवढीच की रस्ते मोकळे असतात, टॅक्सी पटकन मिळते आणि मैदानांवर क्रिकेटला ऊत आलेला असतो. फॅशन स्ट्रीट आणि कुलाबा कॉजवे रविवारीही चालू असतात, त्यामुळे खरेदी अगदीच बुडत नाही.

प्रवासात फार डोकं लावायला नको. ठाणे, बोरिवली, पनवेल, कुठूनही आलात तरी दुसऱ्या वर्गाचं परतीचं तिकीट माणशी पन्नास रुपयांच्या आत बसतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं लागतं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. गार आहे, बाथरूम आहेत, आजी खूश होईल. पण भाडं दहापासून सत्तर रुपयांपर्यंत आहे. लांबून येणार असाल तर चौघांच्या जाण्या-येण्याचा हिशेब आधी करा, त्यात सगळ्यांचा फालुदा निघतो. बसचंही तसंच. मे २०२५ मध्ये ‘बेस्ट’चं कमीत कमी भाडं साध्या बसला दहा आणि एसी बसला बारा रुपये झालं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये पडतात. म्हणजे चौघं असाल आणि अंतर थोडं असेल, तर टॅक्सी बसपेक्षा स्वस्त! उपनगरातल्या माणसाला हे पटकन पटत नाही, कारण आपल्या डोक्यात टॅक्सी म्हणजे चैन असं पक्कं बसलेलं असतं. रिक्षा या भागात येतच नाहीत, ते शोधत उभे राहू नका.

सकाळी दहा-साडेदहाला सीएसएमटीला उतरा आणि आधी स्टेशनातलं बाथरूम उरकून घ्या, पुढे लवकर मिळेल याची खात्री नसते. मग बाहेर येऊन दोन मिनिटं मागे वळून स्टेशनकडे बघा. १८८७ मध्ये बांधून झालेल्या आणि २००४ मध्ये ‘युनेस्को’च्या यादीत गेलेल्या या इमारतीखालून रोज जाणाऱ्यांनीही तिचे दगडी प्राणी कधी मोजलेले नसतात. धाकट्याला तेच काम द्या.

शनिवार असेल तर पहिला मुक्काम क्रॉफर्ड मार्केट, चालत दहाएक मिनिटं. आतल्या मसाल्यांच्या आणि सुक्या मेव्याच्या दुकानांत आईला मोकळं सोडा. तुम्ही प्रवेशदारावरची शिल्पं बघा. ती लॉकवुड किपलिंग यांची, म्हणजे ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांची. इथे एक फालुदा होऊन जाऊ दे. दिवसातला मोठा खाण्याचा खर्च हाच ठेवायचा आणि तो सकाळीच करून टाकायचा. बाहेरचं काहीतरी खास खाल्लं, हे समाधान एकदा पदरात पडलं की दुपारच्या डब्यावर कुणी नाक मुरडत नाही. आणि फालुद्याच्या दुकानात ‘मला काही नको’ म्हणायची सोय नसते, कारण ग्लास सगळ्यांसमोर येऊन पडलेला असतो. तो आधीच सांगून टाकायचा, विचारत बसायचं नाही.

तिथून परत सीएसएमटीकडे येऊन आझाद मैदान ओलांडलं की समोर फॅशन स्ट्रीट. मैदानात मात्र थोडं थांबा. इथे एकाच वेळी इतक्या मॅचेस चालू असतात की कुठला फिल्डर कुठल्या टीमचा, हे त्यालाच माहीत. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर आणि कांबळी या पोरांनी याच मैदानावर ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली होती. बाबांना ही गोष्ट माहीत असणारच. त्यांना सांगू द्या, मध्येच मोबाइलवर स्कोअर तपासू नका.

फॅशन स्ट्रीटवर बजेट फुटतं ते स्कॅनरमुळे. दीडशेचं कानातलं, अडीचशेचा टॉप, मोबाइल समोर धरला की झालं. तासाभराने बघावं तर आठशे गेलेले. यावर साधा उपाय आहे. घरून निघतानाच प्रत्येकाच्या हातात दोनशे रुपये रोख ठेवायचे. आजी असली तर तिच्याही. त्याचं काय केलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, उरले तर ज्याचे त्याचे. आईच्या हातात स्वतःवर उधळण्यासाठी म्हणून असे पैसे शेवटचे कधी आले होते, ते आठवून बघा. ती ते घरच्यासाठी पायपुसण्यांवर खर्च करेल अशी दाट शक्यता आहे. करू द्या. घासाघीस मात्र तिच्याकडेच सोपवा. आपण ‘भैया, थोडा कम करो ना’ म्हणतो तिथे ती दुकानदाराने सांगितलेल्या भावाच्या निम्म्याने सुरू करते आणि चालायलाही लागते. कपडे घालून बघायची सोय नसते आणि परत घेत नाहीत, म्हणून मापाला एक जुना शर्ट पिशवीत असू द्या.

एक वाजला की डबा. हुतात्मा चौकातून दहा मिनिटांवर हॉर्निमन सर्कलचं गोल उद्यान आहे. भरदुपारी सावली देणारी मोठी झाडं आणि बाकं, दोन्ही आहेत. ज्यांच्या नावाचं हे उद्यान ते बी. जी. हॉर्निमन इंग्रज असूनही ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक म्हणून आपल्या बाजूने लिहायचे, म्हणून १९१९ मध्ये सरकारने त्यांना उचलून विलायतेला धाडलं. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दूध घालून मळलेल्या दशम्या, असं सांडलवंड न होणारं काहीतरी आणा. एक गोष्ट मात्र पोरांनी करायची. डबा आईने एकटीने पाचला उठून करायचा असेल, तर तिच्यासाठी ही सुट्टी नाही. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवा, सकाळी पुऱ्या तुम्ही तळा. नसेल जमत तर निघताना नाक्यावरून वडापाव बांधून घ्या, पण तिला ओट्याशी उभं करू नका.

दोन ते चार ही उन्हाची वेळ काळा घोड्याला काढायची. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, रोज सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडी असते आणि प्रवेश फुकट. ‘आपल्याला चित्रातलं काय कळतंय’ म्हणून बाबा पायरीवर अडतील. त्यांना आत न्या. चित्रकार बहुतेक वेळा स्वतः तिथे बसलेला असतो आणि कुणीतरी येऊन दोन शब्द विचारावेत याची वाटच बघत असतो. समोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला वीस रुपये तिकीट आहे आणि सोमवारी सुट्टी. जानेवारीअखेर-फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हल असतो तेव्हा याच भागात नाच, गाणी, नाटकं सगळं मोफत असतं, पण गर्दी इतकी की आजीला नेऊ नका.

आणि गेटवे? इथून दहा-बारा मिनिटांवर आहे, धाकटा मागे लागला तर जाऊन या. मी तरी रविवारी टाळेन. तपासणीची रांग, फोटोवाल्यांचा ससेमिरा आणि बसायला धड जागा नाही. त्यापेक्षा ऊन उतरलं की ओव्हल मैदानावर चला. एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये ‘युनेस्को’ने जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. टॉवरला प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईचं नाव दिलं. मैदानाच्या कडेला मांडी घालून बसा, कुठल्यातरी मॅचच्या शेवटच्या ओव्हर्स बघा. थर्मासमधला चहा इथे काढायचा. सिनेमाच बघायचा हट्ट असेल, तर तो कार्यक्रम वेगळ्या दिवसाचा ठेवा. तीन तास अंधारात शेजारी शेजारी बसून घरच्यांशी बोलणं काही होत नाही.

चर्चगेट स्टेशनात पुन्हा एकदा बाथरूम आणि मग सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास मरीन ड्राइव्ह. तीन-साडेतीन किलोमीटर लांबीचं फुकटातलं बाक आहे हे. एवढ्या लांब कठड्यावर कुणीही येऊन बसावं, कितीही वेळ बसावं, काहीही विकत न घेता बसावं. शेंगदाण्याच्या पुड्या, भाजलेलं कणीस, इतपत चंगळ परवडते. पावसाळ्यात मात्र भरतीची वेळ बघूनच जा आणि कठड्यापलीकडच्या दगडांवर उतरू नका. मे महिन्यात जाणार असाल तर सकाळचा सगळा भाग गाळा, चारला घरून निघा आणि जहांगीर, ओव्हल, मरीन ड्राइव्ह एवढंच करा.

बेरीज करून बघायची असेल तर चौघांसाठी लोकलला जास्तीत जास्त दोनशे, हातात दिलेले आठशे आणि फालुदा, शेंगदाणे, एखादी टॅक्सी मिळून पाचशे. त्या एसी हॉटेलच्या बिलाइतकेच झाले. फक्त त्यात आईचे दोनशे वेगळे आहेत.

परतताना एक चूक टाळा. मध्य रेल्वेवाल्यांनी चर्चगेटहून गाडी पकडून दादरला बदलायचा शॉर्टकट घेऊ नये, तिथे आजीला बसायला मिळत नाही. एनसीपीएपाशी जा. तिथून सीएसएमटीला जाणारी ए-११५ ही एसी डबलडेकर फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली. धाकट्याला घेऊन वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा, आजीला खाली बसवा. आणि सीएसएमटीला पोचलात की जी लोकल लागलेली असेल तिच्यात धावत चढू नका, तिच्या मागची घ्या. गाडी तिथूनच सुटते, चारही जणांना खिडकीजवळ जागा मिळेल.