चोथ्याची थोरवी

जेवणाच्या पाटावर बसलो म्हणजे आपण एकटेच जेवत आहोत, असे आपणांस वाटते. वास्तविक आपल्या मोठ्या आतड्यात अगणित सूक्ष्म जंतूंची वस्ती असते आणि आपण जे खातो त्यावरच तिचेही पोट चालते. जंतू म्हटले की रोग आठवतो. परंतु या वस्तीतील बहुतेक जंतू आपले शत्रू नव्हेत.

भातातील पिष्ट, डाळीतील प्रथिने व तेलतूप यांचा बहुतेक भाग लहान आतड्यातच पचतो. धान्याचा कोंडा, कडधान्यांची साले, भाजीचे धागे यांतील चोथा मात्र आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. म्हणून तो निरुपयोगी असे पूर्वी मानीत. परंतु मोठ्या आतड्यातील जंतू त्यातील बराचसा भाग आंबवितात व त्यापासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ब्युटिरिक आम्ल हे तेथील अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन होय. शिवाय मेथी, ओट यांतील चोथा पाण्यात फुगून बुळबुळीत होतो. त्यामुळे जेवणानंतर साखर रक्तात सावकाश उतरते. चोथा मिळाला नाही, तर काही जंतू आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील २० आफ्रिकी वंशाच्या लोकांनी आणि दक्षिण आफ्रिकेतील २० खेडुतांनी दोन आठवडे एकमेकांच्या पद्धतीचे अन्न घेतले. अमेरिकनांच्या आहारातील चोथा रोजी सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला, तर खेडुतांचा ६६ वरून १२ वर आला. अन्नातील स्निग्धांशही बदलला होता, हे खरे. तथापि एवढ्या अल्पावधीत अमेरिकनांच्या आतड्यांत ब्युटिरिक आम्ल वाढले व अस्तराचा दाह कमी झाला; खेडुतांच्या बाबतीत नेमके उलट घडले!

आमच्या आजीच्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ व पालेभाजी असे. आम्हां विद्यार्थ्यांच्या डब्यांत मात्र मैद्याची बिस्किटे व पाव शिरले आहेत. दहा वर्षांवरील प्रत्येकाने रोज निदान २५ ग्रॅम चोथा घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले आहे. तो एकदम न वाढविता हळूहळू, भरपूर पाण्यासह वाढवावा, म्हणजे पोट फुगत नाही. त्यासाठी औषधाच्या दुकानात जावयास नको. पीठ चाळताना कोंडा टाकून दिला नाही, तरी आरंभ झालाच म्हणावयाचा.