फ्लूची लस : भीती कशाची, काळजी कोणती?

पावसाळा लागला की आमच्या रत्नागिरीत घरोघरी सर्दी, खोकला आणि ताप ठाण मांडतात. गोळी घेऊन माणूस कामावर जातो, कारण खाडा झाला की रोज बुडतो. म्हणूनच फ्लूच्या लसीचा विषय निघाला की माताभगिनींचा पहिला प्रश्न असतो, "सुई टोचली आणि ताप आला तर?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे.

फ्लू म्हणजे साधे पडसे नव्हे. सन १९१८ च्या जूनमध्ये त्याची साथ मुंबईत शिरली आणि देशभरात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाईन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यातील एका शाळकरी मुलीचा. पुढे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने गरोदर माता, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत देण्यास सुरुवात केली.

दंडात टोचायच्या लसीत मेलेले विषाणू किंवा त्यांचे अंश असतात. भाजलेले बी रुजत नाही, तसा या लसीने फ्लू होत नाही. मग अंग का मोडून येते? शरीर शत्रूची ओळख करून घेत असते, त्याची ती खूण. दंड दुखणे, थोडी सूज, कणकण, डोकेदुखी हा त्रास एक-दोन दिवसांत जातो. सुट्टीच्या आदल्या दिवशी लस घेतली तर रोजही बुडत नाही.

लस घेऊनही कुणाला फ्लू होतो, हे खरे. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि ते शंभर टक्के नसते; पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो. विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते.

आता खरी काळजी. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. धाप लागली, ओठ-चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या किंवा भोवळ आली तर लगेच सांगावे. असे क्वचितच घडते, पण त्यावर तातडीने उपचार लागतात. हातापायांतली शक्ती जाणारा जीबीएस हा आजार दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होऊ शकतो. मात्र तो खुद्द फ्लूनंतरही होतो. पूर्वी या लसीची तीव्र ॲलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. अंगात ताप असेल तर थांबावे.

गरोदर माता, पासष्टीपुढचे वृद्ध, दमा, मधुमेह व हृदयविकाराचे रुग्ण आणि सहा महिन्यांपुढची लहान मुले यांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देता येत नाही. गरोदरपणी आईने ती घेतली तर तिचे संरक्षण बाळाला मिळते.

मुले मुंबईला नोकरीत आणि म्हातारे आईबाप गावी, अशी आपल्याकडे किती घरे! त्यांच्यासाठी पावसाळ्याआधी सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे लसीची चौकशी करू या. ऐकीव गोष्टींवरून सुई नाकारू नये आणि न विचारता घेऊही नये. आधी विचारावे, मग ठरवावे.