बिलावर डॉलर कुठून आला?

मामाच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी डब्ल्यूपीएफमध्ये बिलाचं छोटं सॉफ्टवेअर करून दिलं. पहिल्याच दिवशी मामाचा फोन, "अरे, सव्वा लाखाच्या बिलाला डॉलर दाखवतंय!"

पाहिलं तर $१२५,०००.००. हवं होतं ₹१,२५,०००.००.

कॉम्प्युटरचं रीजन भारतच होतं. गोम अशी की बाइंडिंगमधलं स्ट्रिंगफॉरमॅट विंडोजच्या सेटिंगकडे बघतच नाही. ते बघतं कंट्रोलची लँग्वेज प्रॉपर्टी, आणि ती मुळात अमेरिकन इंग्रजी असते.

विंडोची लँग्वेज भारतीय इंग्रजी केली की आतले कंट्रोल तीच उचलतात. रुपया येतो, स्वल्पविरामही जागेवर बसतात.

लेबलची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे स्ट्रिंगफॉरमॅट लागूच होत नाही, कंटेंटस्ट्रिंगफॉरमॅट द्यावं लागतं. (यात माझी अख्खी संध्याकाळ गेली!)

कुणाचं असंच काही अडलं असेल तर विचारा.