खनिज-भागांचा सट्टा : अनिश्चितता आणि अफवा

सट्टेबाजीच्या चर्चेत अफवेकडे बहुधा नीतीच्या दृष्टीने पाहिले जाते. लोभी माणूस कशावरही विश्वास ठेवतो, एवढ्यावर विवेचन थांबते. तथापि खाणकंपन्यांच्या भागांपुरते पाहिल्यास अफवेचे मूळ त्या व्यवसायाच्या स्वरूपातच आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम व अनिश्चितता यांत भेद केला. जिची संभाव्यता मोजता येते ती जोखीम. विम्याचा व्यवसाय तिच्यावरच उभा असतो. जी अशी मोजता येत नाही ती अनिश्चितता. कापडगिरणीच्या भागाचे मूल्य ठरविताना मागील नफा व ताळेबंद हाताशी असतात. शोधाच्या अवस्थेतील खाणकंपनीजवळ असते ते केवळ एक क्षेत्र, काही वेधछिद्रे आणि प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रतीक्षा. एका छिद्रातील नमुना समृद्ध निघाला, तरी खनिजाचा साठा किती पसरला आहे, त्याची प्रत सर्वत्र तीच आहे काय आणि तो काढणे परवडेल काय, हे प्रश्न उरतातच. त्यांची उत्तरे मिळण्यास वर्षे लागतात. भाव मात्र रोज ठरतो. या दोहोंमधील पोकळी अफवा भरून काढते.

ऑस्ट्रेलियातील पोसायडन कंपनीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. व्हिएतनाम युद्धामुळे वाढलेली मागणी व कॅनडातील संप यांमुळे १९६९ मध्ये निकेल दुर्मिळ झाले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील विंडारा येथे या कंपनीस निकेल सापडले. महिन्याच्या आरंभी सुमारे ८० सेंट असलेला भाग १ ऑक्टोबरला १२ डॉलरांवर गेला. पुढील काही महिन्यांत नवी माहिती फारशी बाहेर आली नाही. तरीही फेब्रुवारी १९७० मध्ये भाव २८० डॉलरांपर्यंत चढला, आणि मग कोसळला. उत्पादन सुरू होईपर्यंत निकेलच्या किमती उतरल्या होत्या, आणि धातुकाची प्रतही अपेक्षेपेक्षा हलकी निघाली. १९७६ मध्ये कंपनीचे नाव भागबाजाराच्या यादीतून गेले.

येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, विंडारा येथील निकेल खरे होते. कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीच्या प्रकरणात इंडोनेशियातील बुसांग येथील नमुन्यांत सोने मिसळले गेल्याचे १९९७ मध्ये उघडकीस आले. तो सरळ लबाडीचा प्रकार होता. पोसायडनचा शोध बनावट नसतानाही शिखरावरील भावाने भाग घेणाऱ्याचे जवळजवळ सर्व भांडवल बुडाले. अर्थात अफवा घातक ठरण्यास ती खोटीच असावी लागते असे नाही. सत्याच्या एका कणावर ती अधिक भक्कम उभी राहते.

या अनुभवांतूनच नियम घडले. ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये खनिजसाठे जाहीर करण्याची संहिता आली. कॅनडात २००१ मध्ये तशीच तरतूद झाली. साठ्याचे अनुमान पात्र तज्ज्ञाच्या जबाबदारीवर मांडावे आणि त्याच्या खात्रीची श्रेणी स्पष्ट करावी, हे दोहोंचे सार होय. असे नियम अज्ञाताचे ज्ञातात रूपांतर करू शकत नाहीत. परंतु काय मोजले आहे, कोणी मोजले आहे आणि काय मोजावयाचे राहिले आहे, हे विचारण्याचा आधार ते देतात. बाजारभाव या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊ लागला, की तेथे गुंतवणूक संपून सट्टा सुरू झालेला असतो.