कीर्तीची हुंडी

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली आणि दिल्लीच्या रंगभूमीवरील सीमा भार्गव देशभर ‘बडकी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. ही कीर्ती मक्तेदारीची होती, हे विसरता कामा नये. प्रेक्षकाला दुसरी वाहिनीच नव्हती! प्रायोजक मॅगीला बाजारपेठ लाभली, अभिनेत्रीच्या वाट्याला पात्राचे नाव आले. अशा कीर्तीची हुंडी मालिकेबाहेर सहसा वटत नाही. डिसेंबर १९८५ मध्ये मालिका संपली, तरी बडकीने पाठ सोडली नाही. विवाहानंतर सीमा पाहवा झालेल्या या अभिनेत्रीची चित्रपटसृष्टीने खरी कदर केली ती ‘आँखों देखी’ (२०१४) व ‘बरेली की बर्फी’ (२०१७) यांच्या वेळी, म्हणजे सुमारे तीस वर्षांनी. मधल्या काळात रंगभूमी त्यांनी सोडली नव्हती.