सापडलेल्या धनाचे काय करावे?

गुप्तधनाच्या गोष्टी आपल्याकडे गावोगाव ऐकू येतात. वाड्याच्या भिंतीत हंडा आहे. बारवेत मोहरा आहेत. सगळंच खोटं असतं असं नाही. पूर्वी बँका नव्हत्या. लोक पैसा गाडग्यात घालून घरात पुरून ठेवीत. १९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत कितीतरी घरं गाव सोडून गेली. सगळं बरोबर नेता आलं नाही.

आता धातू शोधायचं यंत्र निघालं आहे. लांब दांडा, खाली वाटोळी तबकडी. जमिनीत धातू असला की ते वाजतं. पण सोनं असो की गंजलेला खिळा, ते वाजतंच. तरुण पोरं हौसेनं यंत्र आणतात आणि मग घाबरतात. "तात्या, हे घेऊन फिरलो तर पोलीस धरतील का? काही सापडलं तर सरकार सगळंच नेईल का?"

पहिली गोष्ट जागेची. दुसऱ्याच्या शेतात त्याला विचारल्याशिवाय जाऊ नये, हे सांगायला कायदा लागत नाही. कंधार, उदगीर, औसा इथले किल्ले, खरोशाची लेणी, होट्टलची देवळं यांची गोष्ट मात्र वेगळी. अशा जुन्या जागा केंद्र सरकार किंवा राज्य सरकार राखते. तिथे परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही. हौस म्हणूनही नाही. जिथे संरक्षित स्मारकाचा फलक दिसेल, तिथून यंत्र परत न्यावे.

दुसरी गोष्ट सापडलेल्या वस्तूची. इंग्रजांच्या वेळचा, १८७८ सालचा, एक कायदा आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना लिहून कळवावी, असं त्यात आहे. वस्तू सरकारी खजिन्यात ठेवायची, नाहीतर मागतील तेव्हा हजर करू असा जामीन द्यायचा. मग सरकार नोटीस काढतं. कोणाचा हक्क असेल त्यानं यावं, म्हणून चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतं. शंभर वर्षांच्या आत कोणी पुरलेलं असेल आणि त्याच्या घरचे लोक ते सिद्ध करतील, तर धन त्यांचं.

कोणीच धनी निघाला नाही, तर काय? तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. समजा, सालगड्याच्या नांगराला ४०,००० रुपयांचा ऐवज लागला. या हिशेबानं ३०,००० गड्याचे आणि १०,००० मालकाचे. हे पुष्कळ गड्यांना माहीतच नसतं. ऐवज सरकारला स्वतः ठेवायचा असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा सरकार देतं. पण ज्यानं लपवलं, त्याचा हिस्सा सरकारजमा होतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मालकानं लपवायला साथ दिली, तर तोही सुटत नाही.

हा १८७८ चा कायदा हैदराबाद संस्थानासाठी केलेला नव्हता. आपला मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. म्हणून आपल्या गावाला हिस्स्याचा कोणता नियम लागतो, ते तहसीलदारांना लेखी विचारावे. कळवायला मात्र उशीर करू नये.

सोनाराकडे जाऊन वितळवू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, ताम्रपट यांना १९७२ सालच्या कायद्यानं पुरावस्तू म्हणतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. परदेशी तर नेताच येत नाहीत. सातवाहन राजांची कितीतरी नाणी शिशाची आहेत. सोनार त्यांना हातही लावणार नाही. जाणकाराला मात्र ती सोन्याहून मोलाची.

लातूरजवळ तेर गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत. रोमपर्यंत व्यापार चाले. तिथल्या पांढरीत मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या सापडत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वर्षानुवर्षे जमवल्या. आज तेरमध्ये त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. पुष्कळ गावांत मात्र पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात गेली. तिच्याबरोबर काय काय गेलं, कोण सांगणार?

आणखी एक सांगतो, कारण हे यंत्रापेक्षा वाईट आहे. कोणी मांत्रिक येतो. "इथं धन आहे, पण त्याला बळी लागतो," म्हणतो. त्याला दारात उभं करू नका. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात २०१३ सालच्या कायद्यानं गुन्हा आहे. करणाऱ्याला शिक्षा आहे, तशी करवून घेणाऱ्यालाही. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद.

तर काही सापडलं, की पुढे खणू नका. वस्तू घासू-पुसू नका. सरपंच, पोलीस पाटील यांना बोलवा. चारचौघांसमोर मोजा. मग साध्या कागदावर अर्ज लिहा: तारीख, गाव, गट नंबर, किती खोल सापडलं, काय काय सापडलं, अंदाजे किंमत, तुमचं नाव आणि सही. अर्ज दोन प्रतींत करा. एक तहसील कचेरीत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं द्या. दुसरीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती सातबाऱ्याच्या कागदांबरोबर जपून ठेवा.