कोळसा, मीठ आणि तवे

स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात, फोर्थच्या खाडीकाठी कूरॉस नावाचं चिमुकलं गाव आहे. लाल कौलं, पांढऱ्या भिंती, दगडी बोळ. पण हे देखणेपण कुणी ठरवून जपलेलं नाही. धंदा बुडाला, जुनं पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकांतली घरं तशीच राहिली.

एकेकाळी धंदा जोरात होता. १५७५ मध्ये जॉर्ज ब्रूसनं इथली जुनी कोळशाची खाण चालवायला घेतली. पूर्वी ती मठातल्या साधूंकडे होती. कोळशाचा थर खाडीच्या तळाखाली शिरलेला. ब्रूसही त्याच्या मागोमाग शिरला. पाणी उपसायला तीन घोड्यांवर फिरणारा ३६ बादल्यांचा रहाट बसवला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जागी, भोवती दगडी भिंत घालून, खाणीचं दुसरं तोंड काढलं. जहाजं थेट तिथंच लागत. हलका कोळसा खाडीचं पाणी आटवून मीठ काढायला जाई.

१६१७ मध्ये राजा सहावा जेम्स खाण पाहायला आला. जमिनीवरून उतरला, बोगद्यातून चालत जाऊन वर आला, तर चहूकडे पाणी! आपल्याला दगा झाला, असं समजून तो ओरडला म्हणतात. १६२५ च्या वादळात खाण बुडाली ती कायमचीच. ब्रूसही त्याच वर्षी गेला.

मला मात्र खाणीपेक्षा इथल्या तव्यांचं अप्रूप. ओटच्या भाकऱ्या भाजायचा गोल, सपाट लोखंडी तवा, आपल्या तव्याचा सख्खा भाऊच. ठोकून ठोकून तो घडवायचा हक्क १५९९ मध्ये याच जेम्सनं कूरॉसच्या लोहारांना दिला होता. पुढं १७५९ मध्ये फॉल्कर्कजवळ कॅरनचा कारखाना निघाला, ओतीव लोखंडाचा स्वस्त माल बाजारात आला आणि घणाची मजुरी परवडेनाशी झाली.

ब्रूसचा पिवळाधमक वाडा ‘पॅलेस’ म्हणवतो, पण राजवाडा तो कधीच नव्हता. व्यापाऱ्याचं घर ते. आतल्या रंगवलेल्या लाकडी छतांवरून त्याची ऐपत कळते. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडनं १९३२ मध्ये तो ७०० पौंडांना घेतला, मग गावातली छोटी घरंही घेऊन दुरुस्त केली. त्यांत लोक राहतात. ‘आउटलँडर’ मालिकेतलं अठराव्या शतकातलं क्रेन्समुइर म्हणजे हेच कूरॉस. त्यासाठी वेगळं गाव उभारायची गरज काय पडणार!